‘काही निघालं नाही त्यात’

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ऑफिसच्या खणात जशा समोशाबरोबर आलेल्या सॉसच्या पुड्या, एकाच बाजूने उठणारी पेनं आणि कसल्या तरी जुन्या किल्ल्या साठत जातात, तसे ते साठतात. उपयोग काही नसतो, पण टाकवतही नाहीत. मी दिल्लीत आले तेव्हा माझा खण रिकामा होता. आता तो ढकलून बंद करावा लागतो.

आमचं ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागच्या अंगाला, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. माणसं तीनच. भटनागर सर म्हणजे आमचे साहेब. शकील मुलाणी, आकडेवारीवाला, मूळचा कराडचा. आणि मी, वृषाली आरवाडे, सांगलीची. एखाद्या औषधावर ठिकठिकाणी झालेले अभ्यास गोळा करायचे, एकत्र मांडायचे आणि ते औषध खरंच लागू पडतं का हे सांगायचं, हे आमचं काम.

यात एक गोम आहे. औषधाने गुण आला तर तो अभ्यास छापून येतो. नाही आला तर करणाऱ्याचाच उत्साह मावळतो, मासिकवाल्यांनाही त्यात रस नसतो, आणि ते कागद कपाटात जातात. मग जे फक्त छापलेलं वाचतात त्यांना वाटतं, वा, काय औषध आहे. तर ती कपाटं कोणाकडे आहेत हे शोधायचं काम माझ्याकडे. म्हणजे मी दिवसभर अनोळखी डॉक्टरांना फोन करते.

दिवसभर फोनवर बोलते म्हणजे मी माणसांत असते, असं सांगलीला आईला वाटतं.

*

मी दिल्लीला लागून असलेल्या वसुंधरात राहते. खालच्या मजल्यावर घरमालकीण, आहुजा आंटी. नवीन होते तेव्हा त्यांनी जिन्यात गाठून विचारलं, “बेटा, आप करती क्या हो?”

मी दमून आले होते. सोपं करून सांगावं म्हणून म्हटलं, “आंटी, जो छपा नहीं, वो ढूँढती हूँ.”

आंटींचा चेहरा उजळला. “अच्छा? फिर तो हमारे देवरजी से मिलो. उनकी कविताएँ आज तक किसी ने नहीं छापीं.”

रविवारी देवरजी, म्हणजे त्यांचे दीर, आले. बँकेतून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचा कुर्ता, बरोबर कवितांची फाइल. काही कविता यमुनेवर होत्या, काही पत्नीवर, आणि एक लांबलचक कविता अक्षरधामच्या ट्रॅफिकवर. आपलं काम वेगळं आहे हे मी सांगणार होते. पण तोवर चहा आला, मठरी आली. आणि खरं सांगायचं तर रविवारी माझ्याकडे दुसरं कोणी येणारही नव्हतं.

निघताना ते हात जोडून म्हणाले, “आप सुनती बहुत अच्छा हैं.”

दिल्लीने मला दिलेलं हे पहिलं सर्टिफिकेट.

*

कोण कोण गप्प बसलंय, हे तुम्हाला कळतं कसं, असं सगळे विचारतात. त्यासाठी एक आलेख असतो. प्रत्येक अभ्यासाचा एक ठिपका. मोठे अभ्यास वर, लहान अभ्यास खाली; गुण जास्त दिसला तर उजवीकडे, कमी दिसला तर डावीकडे. लहान अभ्यासांत नशिबाचा भाग जास्त, म्हणून ते दोन्ही बाजूंना फाकतात. सगळं प्रामाणिक असेल तर एकूण आकार उलट्या नरसाळ्यासारखा दिसतो. पण खालचा एकच कोपरा भरलेला आणि दुसरा रिकामा दिसला, की समजायचं, कोणीतरी आलेलं नाही.

शकील हे फार छान समजावतो. इमारतीच्या ॲडमिनला नवीन आलेले त्यागीजी एकदा त्याच्या स्क्रीनसमोर थांबले, तेव्हा त्याने त्यांना सांगितलं, “समझिए शादी का ग्रुप फोटो है. लड़के वाले सब खड़े हैं. लड़की की तरफ कोई नहीं. तो आप क्या पूछेंगे?”

“कि लड़की वाले कहाँ हैं,” त्यागीजी म्हणाले.

“बस. हम यही पूछते हैं.”

त्यागीजींनी बराच वेळ आलेखाकडे पाहिलं. रिकाम्या कोपऱ्याने ते बेचैन झाले असावेत. शेवटी हळू आवाजात म्हणाले, “तो दो-चार बिंदु आप ही डाल दीजिए ना. देखने में ठीक लगेगा.”

मला हसू आलं. शकील मात्र हसला नाही. तो माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, “ताई, अशी एक पद्धत खरंच आहे. पुस्तकात आहे.”

आणि आहेच. रिकाम्या बाजूला किती ठिपके असायला हवे होते याचा अंदाज बांधायचा आणि ते मांडून बघायचे. त्यागीजी तेव्हापासून स्वतःला आमच्या खात्यातले समजतात.

सरांना ती पद्धत पुरेशी वाटत नाही. ते म्हणाले, “बिंदु नहीं चाहिए, वृषाली. आदमी ढूँढो.”

*

हे आलेखाचं प्रकरण होतं एका गोळीचं. काही माणसांच्या कानात सतत आवाज येतो. कोणाला शिट्टी, कोणाला रातकिडे, कोणाला लांबचा पंप. बाहेर काहीच नसतं. तो आवाज फक्त त्या माणसालाच ऐकू येतो, त्यामुळे घरच्यांनाही फार दिवस पटत नाही. त्यावर ही गोळी. छापून आलेले झाडून सगळे लहान अभ्यास म्हणत होते, गुण येतो. सरकारी दवाखान्यांतून ती फुकट द्यावी का, हे एक समिती ठरवणार होती, आणि तिने आमचं मत मागितलं होतं.

शकीलची अम्मी कराडला असते. तिच्याही कानात आवाज येतो, आणि तीही हीच गोळी घेते. शकीलच पाठवतो. काम सुरू झालं तेव्हा तो म्हणाला, “अम्मीला गुण आलाय. दर वेळी विचारतो, बरं आहे म्हणते.”

सर म्हणाले, एकदा नीट विचार. म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्याने माझ्यासमोरच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“अम्मी, आवाज कमी झालाय का? खरं सांग.”

“बरं आहे रे.”

“बरं म्हणजे कमी झालाय?”

मग ती म्हणाली, “नाही रे बाबा. आहे तसाच आहे. तू इतक्या लांब, तुला कशाला सांगायचं? तुझं आपलं समाधान.”

शकीलने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून खिडकीपाशी गेला. परत आला तेव्हा डब्यातली भाजी गार झाली होती. “आमच्या घरातच निघाली की एक, न छापलेली,” असं म्हणाला आणि जेवायला बसला. मी सांगलीला काय काय सांगत नाही, याची मला आठवण झाली. पण ती मी त्याला बोलून दाखवली नाही.

*

फोनवर लोक काय बोलतात याचं एक वेगळं पुस्तक होईल. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “अहो, काही निघालं नाही त्यात.” हिंदीत, इंग्रजीत, पंजाबी वळणाच्या हिंदीत, हेच.

एका बड्या डॉक्टरांना मी म्हटलं, “सर, काही निघालं नाही हेसुद्धा उत्तरच आहे ना?” ते म्हणाले, “मॅडम, फेल हुए बच्चे की मिठाई कौन बाँटता है?”

एकाने मला औषध कंपनीची समजून झापलं. एकाने कंपनीच्या विरोधातली समजून झापलं. दोघांनाही मी हेच सांगितलं की मी कोणाचीच नाही. फोन ठेवल्यावर ते वाक्य जरा विचित्र वाटलं.

*

फरिदाबादचा एक नंबर मात्र विसरत नाही.

फोन एका बाईंनी उचलला. मी डॉक्टरांचं नाव घेऊन विचारलं. त्या म्हणाल्या, “वो तो नहीं रहे. मैं उनकी मिसेज़ बोल रही हूँ.”

मी माफी मागितली. ठेवणार होते, पण त्यांनीच विचारलं, काय काम होतं. मी सांगितलं, की कानातल्या आवाजावर त्यांनी एक अभ्यास केला होता असं एका जुन्या परिषदेच्या यादीवरून कळलं, पुढे त्याचं काही छापून आलं नाही. दर रविवारी पेशंट बोलावून ते तपासत असत, एवढंच त्या यादीत लिहिलं होतं.

त्या अगदी सावकाश म्हणाल्या, “तो इतवार को ये करते थे.”

मी कागदांचं विचारलं. कागद घरात नव्हते, डॉक्टर ज्या दवाखान्यात जात तो बंद पडून तिथे आता दुकानं झाली होती. त्यांचा ठिपका काही मिळाला नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंचाच फोन आला. “बेटा, कुछ पता चला? दवाई से फ़ायदा हुआ था लोगों को?”

मी म्हटलं, “नहीं आंटी, पता नहीं चला.”

“पता चले तो बताना,” त्या म्हणाल्या. “मुझे ऐसे ही जानना था.”

*

डॉ. गर्गे सापडले ते अशाच एका यादीतून. मी हिंदीत सुरुवात केली, नाव सांगितलं. दिल्लीत माझं नाव कोणी नीट घेत नाही. वृषालीचं ब्रिशाली होतं आणि आरवाडेचं अरवड़े. पलीकडून मात्र स्वच्छ आवाज आला, “आरवाडे? म्हणजे सांगली की कोल्हापूर?”

“सांगली,” मी म्हटलं, आणि का कोण जाणे, खुर्चीत नीट बसले.

मी काम सांगितलं. ते म्हणाले, “त्याचं काय विचारता? काही निघालं नाही त्यात.”

“तेच हवंय, डॉक्टर.”

“तेच हवंय?” त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, “तुम्ही पहिल्याच. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही यार.”

शनिवारी मी आणि शकील त्यांच्याकडे गेलो. हिंदूरावची टेकडी उतरलं की कमला नगरच्या बाजूला त्यांची सोसायटी. आम्ही चुकू नये म्हणून ते स्वतः कोपऱ्यावर येऊन उभे होते. पंचाहत्तरीच्या पुढचे, ताठ, शर्ट खोचलेला. शिकायला म्हणून दिल्लीत आले ते इथलेच झाले. पत्नी काही वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही.

जिना चढताना ते सांगत होते, “हा हिंदूराव म्हणजे आपल्यातलाच, बरं का. ग्वाल्हेरहून इकडे आला, राहिला, आणि अख्ख्या टेकडीला त्याचं नाव पडलं. मीही आलो आणि राहिलो. रंगकामाच्या वेळी सोसायटीने माझी दारावरची पाटी काढली, ती अजून कोणी परत लावलेली नाही.”

त्यांनी आलूचे पराठे केले होते आणि बरोबर शेंगदाण्याची चटणी. आम्ही खात असताना ते उभेच. बसा म्हटलं तर म्हणाले, “बसतो. सवय नाही राहिली, समोर कोणी खाताना.”

मग त्यांनी अभ्यासाचं सांगितलं. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. कोणाला कुठली, हे त्यांनाही माहीत नव्हतं. ठरलेल्या दिवशी पेशंट येत, बाकावर बसत. डॉक्टर प्रत्येकाला विचारत, आवाज कसा आहे, कधी वाढतो, झोप लागते का. शेवटी उलगडा केला तर दोन्ही बाजूंना सारखंच थोडं थोडं बरं वाटत होतं. गोळीचा वेगळा असा काहीच गुण नव्हता.

“वाईट वाटलं?” शकीलने विचारलं.

“बिल्कुल वाटलं. पण अभ्यास नीट केला होता हो. एकही पेशंट सुटला नव्हता.” त्यांनी पेपर लिहून पाठवला. एका मासिकाने परत केला, यात नवीन काही नाही म्हणून. दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. त्यांचे विभागप्रमुख म्हणाले, “गर्गे, ये छोड़ो, कुछ ढंग का करो.” त्या प्रमुखांनीही त्याच गोळीवर मूठभर पेशंटांचा अभ्यास केला होता. त्यात गुण आला होता. तो छापला गेला, आणि तो वाचायला ते परदेशी जाऊन आले.

“तुम्ही काही बोलला नाहीत?” मी विचारलं.

“बोललो ना. विमानतळावर सोडायला गेलो होतो. म्हटलं, सर, जर्नी चांगली होवो.”

*

सगळे आकडे त्यांनी आमच्या हवाली केले. शकील ते कॉम्प्युटरवर चढवायला लागला, आणि डॉक्टरांचे मला फोन यायला लागले. आधी कामाचे. एका पेशंटचं वय चुकून उलटं लिहिलं गेलं असेल, बघून घ्या. एक पेशंट मधेच गावी गेला होता, त्याची नोंद नीट आहे ना? मग हळूहळू काम कमी आणि बाकीचं जास्त. आज काय केलंत जेवायला? वसुंधरात धूर फार आहे का? ‘शेवग्याच्या शेंगा’ला इकडे काय म्हणतात हे तुम्हाला सांगितलं का?

दुपारी चहाच्या वेळी हा फोन येई. शकील कप उचलून बाहेर जात असे आणि म्हणत असे, “आली तुमची आकाशवाणी.”

मराठी बोलायला माझ्याकडे शकील होता, पण आम्ही कामाचंच बोलायचो. डॉक्टरांशी बोलताना असे शब्द तोंडात यायचे, जे मी सांगली सोडल्यापासून वापरले नव्हते. कंटाळवाणा, किरकिरा, उगीचच. एकदा मी ‘हुरहूर’ म्हटलं आणि दोघंही थांबलो.

एकदा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चहा झाला, मी फोन उलटा ठेवला, सुलटा ठेवला. तिसऱ्या दिवशी न राहवून मीच केला.

“डॉक्टर, बरे आहात ना?”

“मी ठीक. आकडे सगळे भरून झालेत असं शकील म्हणाला. म्हटलं, आता कुठल्या निमित्ताने फोन करायचा?”

मी म्हटलं, “मीही तोच विचार करत होते.”

त्यानंतर बराच वेळ आम्ही शेवग्याच्या शेंगांवर बोललो.

*

जानेवारीत इथली मराठी मंडळी पानिपतला जातात. काला अंब म्हणून जागा आहे, तिथे त्या लढाईचं स्मारक आहे. बस ठरते, डबे निघतात, फेटे बांधले जातात. डॉक्टर दर वर्षी जायचे, पण पत्नी गेल्यापासून थांबले होते. या वेळी म्हणाले, “तुम्ही दोघं येत असाल तर जाऊ.”

धुकं होतं. लोक फोटो काढत होते, फुलं वाहत होते. आमच्या बसमधल्या एका घरातली मुलगी, दिल्लीतच वाढलेली, डॉक्टरांजवळ येऊन म्हणाली, “आजोबा, इथे कोण जीतलं?”

“समोरचे,” डॉक्टर म्हणाले.

“मग आपण का आलो?”

आजूबाजूची दोनचार मोठी माणसं उत्तर द्यायला पुढे सरसावली. शौर्य, बलिदान, सगळं सुरू झालं. मुलगी कंटाळून पळाली. डॉक्टर मात्र त्या दगडावर कोरलेल्या अक्षरांपाशी उभे राहून वाचत होते. मी जवळ गेले.

“बघा आरवाडे,” ते म्हणाले, “निकाल आपल्या विरुद्ध गेला. तरी छापलाय.”

*

समितीची बैठक झाली तिला सरांनी आम्हालाही नेलं. मोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या, काजू. शकीलने आलेख दाखवला. आधीचा आणि नंतरचा. कपाटांतून निघालेले ठिपके मांडल्यावर रिकामा कोपरा बराचसा भरला होता, आणि गोळीचा गुण जवळजवळ दिसेनासा झाला होता.

समितीतले एक ज्येष्ठ सदस्य चष्मा काढून म्हणाले, “इतने महीने आप लोगों ने फोन किए, घर-घर गए. आखिर मिला क्या?”

शकील अगदी शांतपणे म्हणाला, “कुछ नहीं मिला, सर. वही मिला है.”

सरांनी खाली मान घालून काजू खाल्ला. त्यांना हसू आवरत नव्हतं, हे फक्त आम्हाला कळलं.

गोळी फुकट द्यायच्या औषधांच्या यादीत आली नाही. शकीलच्या अम्मीने कराडच्या तिच्या डॉक्टरांना विचारून ती बंद केली. आवाज आहे तसाच आहे. शकील आता तिला रोज फोन करतो, आणि ती त्याला रोज सांगते की आज कसला आवाज येतोय. मधे काही दिवस म्हणे पिठाची गिरणी होती.

*

निकाल लागल्याचं मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “अच्छा. चलो, ठीक झालं.” आणि मग जरा अडखळत, “तो माझा ठिपका बघता येईल का हो?”

ते दुपारचे आले. मेट्रोने आले, लिफ्ट बंद म्हणून तिन्ही मजले चढून आले. अंगात नेव्ही ब्लू ब्लेझर, त्याला ड्रायक्लीनिंगवाल्याची चिठ्ठी अजून लागलेली. मी ती हळूच काढली. सरांनी उठून हात मिळवला. त्यागीजी कारण नसताना येऊन उभे राहिले.

शकीलने आपली खुर्ची डॉक्टरांना दिली आणि स्क्रीनवर आलेख उघडला. डॉक्टरांनी चष्मा बदलला.

“कुठला माझा?”

“हा. डावीकडे, खाली.”

त्यांनी बोट पुढे नेलं, पण काचेला लावलं नाही. कितीतरी वेळ ते नुसतं बघत होते. मला वाटलं, आता विभागप्रमुखांबद्दल काही बोलतील, किंवा पत्नीबद्दल. शकीलने पाण्याचा ग्लास ठेवला, तो तसाच राहिला.

मग ते म्हणाले, “हा बाजूचा कोणाचा?”

त्यांच्या ठिपक्याला जवळजवळ चिकटून आणखी एक ठिपका होता. शकीलने त्यावर बाण नेला, नाव उमटलं. “डॉ. टेंभेकर. सुमती टेंभेकर. नागपूरच्या आहेत, रिटायर झाल्यात. ईमेलवरच सगळं पाठवलं त्यांनी.”

“त्यांनाही काही निघालं नाही?”

“नाही.”

“कधी केला होता त्यांनी?”

शकीलने बघून सांगितलं. डॉक्टरांनी मनात हिशेब केला. “म्हणजे मी इकडे करत होतो, तेव्हाच त्या तिकडे करत होत्या.”

“हो, जवळजवळ तेव्हाच.”

“आणि मला वाटायचं...” ते म्हणाले, आणि पुन्हा त्या दोन ठिपक्यांकडे वळले.

थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे बघितलं. “आरवाडे, फोन केला तर चालेल का त्यांना?”

मी नागपूरला फोन लावला. टेंभेकर बाईंनी स्वतःच उचलला. मी म्हटलं, दिल्लीहून एक डॉक्टर तुमच्याशी दोन मिनिटं बोलायचं म्हणतायत, चालेल का? “द्या की,” त्या म्हणाल्या.

मी फोन पुढे केला. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांनी ब्लेझरचं बटण लावलं, घसा साफ केला, आणि फोन कानाला लावून म्हणाले,

“नमस्कार, बाई. मी तुमच्या शेजारून बोलतोय.”